चिमीला घाबरायला शिकवलं

ढब्बूच्या अंगावरच्या सगळ्या जखमा समोरून झालेल्या होत्या. छातीवर, खांद्यावर आणि पुढे पसरलेल्या दोन्ही हातांवर. पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता. ऋजुता धुरीने शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याला उलटं करून पुन्हा एकदा पाहिलं. मार बसला की जनावर वळतं, पळतं, निदान अंग चोरतं. गुरांच्या दवाखान्यापासून प्राणिसंग्रहालयापर्यंत इतकी वर्षं काम करताना तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं. ढब्बू वळला नव्हता. कोयत्याचा पहिला घाव बसल्यावरही तो पुढेच गेला होता.

त्याला जंगलात सोडून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

ढब्बू निओक्नस होता. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर एकेकाळी जमिनीवर चालणारे स्लॉथ राहत. त्यातलं हिस्पॅनिओला बेटावरचं, लहान चणीचं कुळ ते हे. हल्ली आपण पाहतो ते फांदीला उलटे लटकणारे स्लॉथ त्यांचे फार लांबचे भाऊबंद. निओक्नस आपल्याकडच्या गावठी कुत्र्याएवढा, दाट तपकिरी केसांचा, लांब नख्यांचा. जमिनीवर तो डुलत चाले आणि झाडावर सहज चढे. मुख्य भूमीवरचे हत्तीएवढे स्लॉथ हिमयुग सरता सरता संपले, पण बेटांवरचे त्यानंतरही हजारो वर्षं सुखाने जगत होते. मग होड्यांमधून माणूस आला, आणि बघता बघता ते नाहीसे झाले.

त्यांना परत आणण्याचा घाट डॉमिनिकन रिपब्लिकच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या ‘ला इगेरा’ नावाच्या केंद्राने घातला. पाण्याने भरलेल्या एका खोल गुहेच्या तळाशी निओक्नसची कवटी सापडली होती. कानाजवळचं हाड दगडासारखं कठीण असतं. त्याच्या आत डीएनएचे तुकडे तगून राहिले होते. संगणकाने ते तुकडे जुळवले, आजच्या स्लॉथच्या पेशीत हजारो ठिकाणी दुरुस्त्या केल्या, आणि त्यातून तयार झालेला गर्भ कृत्रिम गर्भाशयात वाढवला. लिहायला एका परिच्छेदाचं काम. करायला केंद्राचे संचालक डॉ. एस्तेबान लोरा यांचं तारुण्य खर्ची पडलं.

पण पिल्लू जन्माला घालणं वेगळं आणि जगवणं वेगळं. केंद्राचा नियम असा होता की पिल्लांना माणूस दिसता कामा नये. सांभाळणाऱ्याने केसाळ झगा घालायचा, तोंड झाकायचं, शब्द काढायचा नाही, कापडी आईच्या पोटातून बाटली पुढे करायची. पहिल्या खेपेची पिल्लं दूध असूनही झुरून मेली. दुसऱ्या खेपेचीही तशीच मलूल पडायला लागली, तेव्हा ऋजुताने एक दिवस झगा उतरवला, दोन्ही पिल्लं उघड्या मानेशी धरली आणि सुती ओढणीने छातीला बांधून टाकली. स्लॉथचं पिल्लू जन्मापासून आईच्या अंगाला बिलगलेलं असतं. त्याला ऊब हवी, छातीचे ठोके हवेत, आवाज हवा. कापडी आईकडे यातलं काही नव्हतं.

पिल्लं जगली. ऋजुताची मुलगी जुई तेव्हा सहा वर्षांची होती. नवऱ्याशी, मंदारशी, पटेनासं झाल्यावर ऋजुता तिला घेऊन इकडे आली होती. जुईनेच नावं ठेवली, ढब्बू आणि चिमी. नंतरची तीन पिल्लंही ऋजुताच्या छातीवरच वाढली. केंद्रात कोणी तिला बोल लावला नाही, उलट सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. ओढणीतून डोकावणारी दोन केसाळ तोंडं आणि त्यांच्यामध्ये हसणारी ऋजुता, हा फोटो जगभर गेला. जुई आणि चिमी तर एकमेकींच्या अंगावर लोळत वाढल्या. जुई मराठीत बडबडायची आणि चिमी तिच्या केसांत नाक खुपसून ऐकत बसायची.

त्या फोटोची ऋजुताला आता किळस वाटू लागली.

ढब्बूला मारलं ते खालच्या मळ्यात कॉफी तोडणाऱ्या एका माणसाने. ऋजुता त्याच्या घरी गेली तेव्हा तो बाहेर आलाच नाही. त्याची बायको योकास्ता दारात बसली होती. घडलेलं तिने न अडखळता सांगितलं. तान्हं मूल फडक्यात बांधून ती ओळीतली फळं तोडत होती. झुडपांतून हे जनावर बाहेर आलं आणि सरळ तिच्याकडे चालायला लागलं. ती ओरडली तरी थांबेना. नख्या एवढ्या मोठ्या, आणि नजर तिच्या छातीवरच्या बाळाकडे. मग नवरा धावला. ऋजुताने विचारलं की ते गुरगुरत होतं का, दात दाखवत होतं का. योकास्ता नाही म्हणाली. मग ती म्हणाली,

“त्याने हात पुढे केले होते. माझा मोठा मुलगा करायचा तसे, कडेवर घे म्हणून. मला ते नंतर लक्षात आलं.”

ऋजुता तिथून उठली ती कॉफीच्या ओळींमधून वाट चुकत चुकत केंद्रावर पोचली. छातीवर फडकं बांधलेली बाई म्हणजे आई, एवढंच ढब्बूला ठाऊक होतं, आणि ते त्याला तिनेच शिकवलं होतं.

एस्तेबानने सगळ्यांना बोलावून स्थिती मांडली. मळेवाले बिथरले होते आणि सरकार उरलेली चार जनावरं जंगलात सोडू देणार नव्हतं. तो फळ्यापाशी उभा राहून बराच वेळ बोलला. त्याचं म्हणणं असं की यात ऋजुताचा दोष अर्धाच होता. ज्या बेटावर जमिनीवरून येणारा शिकारी कधी नसतोच, तिथल्या प्राण्यांच्या अंगातून ती भीती पिढ्यान्‌पिढ्या गळून जाते. निओक्नसला धोका होता तो फक्त आकाशातून, प्रचंड घुबडांचा आणि मोठ्या शिकारी पक्ष्यांचा. म्हणून वरून सावली सरकली की ढब्बू गवतात चपटा व्हायचा. कोणी शिकवलेलं नसताना. पण दोन पायांवर चालत येणाऱ्या गोष्टीला घाबरायचं असतं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. पहिली माणसं बेटावर उतरली तेव्हाही हे प्राणी बहुधा असेच त्यांच्यापुढे बसून राहिले असतील.

आता दोनच मार्ग होते. चौघांना जन्मभर कुंपणात ठेवायचं, नाहीतर माणसाला भ्यायला शिकवायचं. शिकवायचं ते एकाच पिढीला. पुढची पिल्लं आईच्या अंगाला बिलगलेली असतील; आई दचकली की तीही दचकतील, आई पळाली की पळायचं शिकतील. पण पहिला धडा देणारा परका माणूस असून चालणार नव्हतं. परक्याने घाबरवलं तर त्यांना परक्याची भीती बसेल, माणसाची नाही. ज्या माणसावर त्यांचा सर्वांत जास्त विश्वास होता, त्यालाच तो मोडावा लागणार होता.

कोणी ऋजुताकडे पाहिलं नाही. तिने स्वतःच हात वर केला.

प्राण्यांच्या गळ्यात पट्टे घातले. बटण दाबलं की पट्ट्यातून हलका धक्का बसायचा, कुंपणाच्या तारेला चुकून हात लागावा एवढा, आणि त्याच क्षणी कर्ण्यातून पिल्लाचं रडणं ऐकू यायचं. सुरुवात चिमीपासून झाली. ऋजुता रोजच्यासारखी कुंपणात शिरली. चिमी झाडावरून उतरली आणि हात पसरून डुलत डुलत तिच्याकडे आली. अगदी जवळ आल्यावर ऋजुताने बटण दाबलं.

चिमी उडाली. तिने चहूकडे पाहिलं, आणि मग झपाट्याने ऋजुताच्या अंगावर चढून तिच्या मानेत तोंड लपवलं.

हे होणार हे ऋजुताने पुस्तकांत वाचलेलं होतं. घाबरलेलं पिल्लू आईकडे धावतं, मग घाबरवणारी आईच का असेना. कुत्र्यांत होतं, माकडांत होतं, माणसांत तर होतंच. चिमीचं काळीज तिच्या गळ्यापाशी धडधडत होतं. ऋजुताने एकेक नखी सोडवली, चिमीला जमिनीवर ठेवलं, मागे सरली आणि चिमी पुन्हा आली तसं पुन्हा बटण दाबलं. चिमी पुन्हा तिलाच येऊन बिलगली. त्या दिवशी हे किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने ताट बाजूला सारलं आणि जुईला पोट बिघडल्याचं सांगितलं.

जुईला तिने आधीच सांगून ठेवलं होतं की चिमीला संसर्ग झालाय, काही दिवस वेगळं ठेवलंय. ते आठवडाभरही टिकलं नाही. एका दुपारी शाळेतून लवकर आलेली जुई कुंपणाच्या मागच्या बाजूला उभी राहिलेली ऋजुताला दिसली. दप्तर अजून पाठीवरच होतं.

“तो ढब्बूचा आवाज होता,” जुई म्हणाली. “लहानपणीचा. भूक लागली की तो असा रडायचा.”

खरंच होतं. पिल्लाच्या रडण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण केंद्राकडे नव्हतं. ऋजुताने सगळं समजावून सांगितलं. ढब्बू का मेला, चिमीचं काय होऊ शकतं, पट्ट्याचा धक्का किती हलका आहे, तिने तो आधी स्वतःच्या मनगटावर कसा घेऊन पाहिला. दुसऱ्या दिवसापासून जुईने आईकडून वेणी घालून घेणं बंद केलं. आपली आपण घालायची. ती एका बाजूला कलायची आणि ऋजुता ती नुसती बघत राहायची.

काही आठवड्यांनी धडा गळी उतरला. आधी चिमी ऋजुताला पाहून थबकायला लागली. मग अंतर राखून बसू लागली. मग एके दिवशी ऋजुताच्या पावलांचा आवाज येताच ती झाडाच्या शेंड्याकडे चढून गेली आणि ऋजुता परत फिरेपर्यंत खाली उतरली नाही. बाकीचे तिघेही त्याच वाटेने गेले. चाचणीसाठी अनोळखी माणसं पाठवली, बायका पाठवल्या, छातीवर फडकं बांधून तातिका नावाची केंद्रातली स्वयंपाकीण गेली. चौघेही सर्वांना पाहून पळाले. एस्तेबानच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं.

आणि मग जुई कुंपणाबाहेरच्या पायवाटेने शाळेला निघाली होती, तेव्हा चिमी झाडावरून उतरली आणि तारेतून हात बाहेर काढून उभी राहिली. एस्तेबान आणि ऋजुता दोघांनीही ते पाहिलं. जुईने चिमीच्या हाताला हात लावला नाही. ती मान खाली घालून पुढे गेली. चिमी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच होती.

चिमीने उंच आकृतीला भ्यायचं शिकून घेतलं होतं. मूल म्हणजेही माणूसच, हे तिला कळलेलं नव्हतं. मळ्यांमध्ये लहान मुलं सगळीकडे असत. एखाद्या मुलाकडे ती अशी गेली असती तर पुढे काय होणार ते स्पष्ट होतं. त्या मुलाचंही काही सांगता आलं नसतं. नख्या त्या नख्याच. गावातल्या कोणी आपलं मूल असल्या प्रयोगाला दिलं नसतं, आणि दिलं असतं तरी उपयोग नव्हता. चिमीच्या जगात मूल एकच होतं.

एस्तेबानने विषय काढला नाही. तो एवढंच म्हणाला की बाकीचे तिघे जुईलाही पाहून पळतात, त्यांना सोडता येईल, चिमीला ठेवून घेऊ. पण चौघांत माद्या दोनच होत्या, आणि दुसरी अजून वयात आलेली नव्हती.

ऋजुताने पुण्याला मंदारला व्हिडिओ कॉल लावला. त्याने तिचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. तो कधीच आवाज चढवत नसे, आताही त्याने चढवला नाही.

“अकरा वर्षांची आहे ती. तिच्याकडून हे करून घेऊ नकोस, ऋजुता. तिला माझ्याकडे पाठव आणि त्या लोकांना नाही म्हणून सांग.”

विचार करते, असं ती म्हणाली. खरं तर विचार करून झाला होता.

रविवारी सकाळी जुई स्वयंपाकघराच्या पायरीवर अवोकाडो चमच्याने खात बसली होती. ऋजुता शेजारी बसली आणि तिने सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. शेवटी म्हणाली,

“तू नाही म्हणालीस तरी चालेल, बाळा. मी रागावणार नाही.”

“मी नाही म्हटलं तर चिमीचं काय?”

“ती इथेच राहील. कुंपणात.”

“कायमची?”

“हो.”

“एकटी?”

ऋजुताने होकारार्थी मान हलवली. जुई बराच वेळ अवोकाडोची साल चमच्याने खरवडत राहिली. त्यात काही उरलेलं नव्हतं.

“मग बटण माझ्याकडे दे,” ती म्हणाली. “तू दाबायचं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी जुई कुंपणात गेली. ऋजुता आणि एस्तेबान फाटकाबाहेर आडोशाला उभे होते. चिमी तिला पाहून अक्षरशः घसरत खाली आली, इतके दिवस कुठे होतीस असं विचारल्यासारखी. जुईने तिला जवळ येऊ दिलं. चिमीने तिच्या कलत्या वेणीत नाक खुपसलं. ते तसंच चाललं. एस्तेबान अस्वस्थ झाला. पण मग जुईचा अंगठा हलला.

पिल्लाचं रडणं कुंपणभर घुमलं. चिमी जुईच्या कमरेला घट्ट बिलगली आणि तिच्या सदऱ्यात तोंड लपवून थरथरायला लागली. जुईने मान वळवून आईकडे पाहिलं. ते पाहणं मदतीसाठी होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. ऋजुताचा हात फाटकाच्या कडीवर होता. आत गेली असती तर चिमी तिला पाहून पळाली असती, आणि मुलीला भ्यायचं ते राहून गेलं असतं. ऋजुताने कडी काढली नाही. ती जागची हललीसुद्धा नाही.

जुईने मान परत वळवली. आईने जशा सोडवल्या होत्या तशाच तिने एकेक करून नख्या सोडवल्या, चिमीला खाली ठेवलं आणि मागे सरली.

“जा,” ती हळू आवाजात म्हणाली. “जा गं.”

चिमी परत आली तसा तिचा अंगठा परत हलला.

जुईला हे आठ दिवस करावं लागलं. शेवटच्या दिवशी ती बाहेर आली, नळाखाली हात धुतले, बटण एस्तेबानच्या टेबलावर ठेवलं आणि शाळेचा गृहपाठ काढून बसली. ऋजुता तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली, तर ती म्हणाली की गणित चाललंय.

चौघेही वरच्या जंगलात सोडले गेले. कोणी खाली मळ्यात उतरलं नाही. योकास्ताने एकदा निरोप पाठवला की तिच्या नवऱ्याला वरच्या वाटेवर एक दिसलं, पण याला बघताच ते झाडावर चढलं. केंद्राचं कौतुक झालं, एस्तेबानला पारितोषिकं मिळाली, इतर बेटांवरच्या लोकांनी ही पद्धत शिकून घेतली. भाषणांत ऋजुताचं नाव घेतलं जाई. जुईचं कोणी घेऊ नये अशी तिने अटच घातली होती. ते जुईच्या भल्यासाठी होतं की स्वतःला ऐकवत नव्हतं म्हणून, हे तिने तपासून पाहिलं नाही. सातवीची परीक्षा झाल्यावर जुईने बाबांकडे जायचं म्हटलं. पुण्यात शाळा चांगली आहे, असं कारण दिलं. ऋजुताने तिकीट काढून दिलं. मग आठवड्याला फोन होत राहिले, आणि त्यांत शाळा, पाऊस, तब्येत एवढंच येत राहिलं.

जुई परत आली ती सतरा वर्षांची होऊन, सुट्टीपुरती. आता ती आईपेक्षा उंच होती. चिमीला पिल्लू झालंय हे ऋजुताने फोनवर सांगितलं होतं. तेच बघायला आली असं जुई म्हणाली. दोघी सकाळी वर गेल्या. एका उताराच्या टोकाला ऋजुता थांबली आणि तिने बोट दाखवलं. दरीपलीकडच्या झाडाखाली चिमी पडलेली फळं खात होती. पोटाशी पिल्लू होतं, मुठीएवढ्या डोक्याचं.

जुईने दुर्बीण लावली. तिच्या पायाखाली एक काटकी मोडली असावी. चिमीने मान वर केली. त्या दोघींकडे तिने क्षणभरच पाहिलं. तिचं अंग ताठ झालं, आणि पिल्लाने आपण होऊन नख्या रोवून तिला घट्ट धरलं. त्याने माणूस याआधी कधी पाहिलेला नव्हता. चिमी खोडावरून वर गेली, आणखी वर गेली, आणि पानांत नाहीशी झाली.

जुईने दुर्बीण खाली घेतली नाही. रिकाम्या झाडाकडे बघतच ती बोलली.

“तू मला विचारायला नको होतंस, आई.”

“मी म्हटलं होतं, नाही म्हणालीस तरी चालेल.”

“चिमी एकटी कुंपणात राहील, हेही तूच सांगितलंस. त्यानंतर मी कशी नाही म्हणणार होते?”

इतक्या वर्षांत ऋजुताने या प्रश्नाची कितीतरी उत्तरं मनात तयार केली होती. ती सगळी खरी होती. समोर दरीत फळं पडलेली होती आणि त्यांवर माश्या घोंघावत होत्या.

“मला ते माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणूनच तसं विचारलं.”

जुईने आता तिच्याकडे पाहिलं. मग दुर्बीण गळ्यातून काढून तिच्या हातात दिली आणि उतार उतरायला लागली. ऋजुता लगेच निघाली नाही. तिने मुलीला बरंच पुढे जाऊ दिलं आणि मग, पावलांचा आवाज होणार नाही अशा बेताने, तिच्यामागून चालू लागली.